चापाची गाडी

रघूची ट्रंक कुठे पळत नाही, राजाराम. चार वर्षं गावच्या मंडळाच्या खोलीत पडून होती, काल मी ती इथे आणून ठेवली, उद्या तुझ्याबरोबर बोटीवर चढेल. आधी पाणी पी. बायकांना देवळातून यायला वेळ आहे — तुझ्या सुंदराला घेऊन भोईवाड्यापर्यंत गेलीय आमची गंगू, आणि ती रस्त्यात चार ठिकाणी थांबल्याशिवाय राहायची नाही. कागद दे इकडे. वाचून नको दाखवूस, मला येतं वाचता. दुसरी इयत्ता शिकलोय. हळू वाचतो, पण वाचतो. — 'हुतात्मा रघुनाथ राजाराम घाडी' — तुझं नाव पण आलंय बघ — 'हे सन छप्पनच्या जानेवारीत मुंबईत मोर्चाच्या अग्रभागी असताना' — हं — 'छातीवर गोळी झेलून' — हं. आणि खाली मी सही करायची, साक्षीदार म्हणून. बरं लिहिलंय. कोणी, मास्तरने? अक्षर चांगलं आहे. एक तारखेला मराठी राज्य होणार आणि त्याच सकाळी शाळेपुढे दगड बसणार, मास्तरने सगळं जमवलं. दगड घडवून झाला? नाव कोरून? — झालं. बरं. करतो सही. घाई काय आहे, करतो.

ती? फळीवरची? ती गाडी आहे. हात लावू नकोस. — नाही, लाव. तुला नाही म्हणणारा मी कोण. रघूचे हात लागलेत तिला. मागची चाकं बघ, ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत, चोरबाजारातून आणलेल्या, ओरखडलेल्या. पुढची चाकं गिरणीतल्या कांड्यांची बुडं. दांडा म्हणजे छत्रीची काडी, आणि ती ज्यात फिरते ते पितळी बूश मी स्वतः घासलेत — फिरव, फिरव बोटाने, बघ किती वेळ फिरतं. चार वर्षं झाली तरी. तू म्हणशील, म्हाताऱ्याला खेळण्याचं काय. खेळणं नाही ते. आमच्या रामदासच्या कॉलेजातली पैज होती. विलायतेत शिकून आलेला कोणी प्रोफेसर, त्याने पोरांना सांगितलं, गाडी करा — इंजिन नाही, चावी नाही, रबर नाही, एकच उंदराचा चाप, त्याच्यात जेवढा जोर आहे तेवढ्यावर चालली पाहिजे. ज्याची सगळ्यात लांब जाईल तो पहिला. मी हसलो होतो. म्हटलं, तुम्हाला इंजिनियर करतायत की उंदीर धरायला शिकवतायत? पण मग ते डोक्यात घुसलं. चाळीस वर्षं गिरणीत साचे, कापडाचे माग, दुरुस्त केले रे, शंभर साचे एका खात्यात, एखादा आवाज बदलून बोलायला लागला की पाठमोरा असलो तरी मला कळायचं कुठला. आणि एक चाप मला ऐकणार नाही?

चाप तुला ठाऊक आहे. लाकडी पट्टी, वर स्प्रिंग, ओढून मागे अडकवायची, उंदराने पाव ओढला की खाडकन् मिटते. आता त्या मिटणाऱ्या तारेला लांब काडी बांध — आम्ही सायकलचा आरा बांधला — काडीच्या टोकाला दोरा, आणि दोरा मागच्या चाकांच्या दांड्यावर गुंडाळ. चाप सुटला की काडी पुढे येणार, दोरा ओढणार, दांडा फिरणार, गाडी पळणार. एवढंच. पण काडी केवढी? आखूड केलीस तर गाडी बेडकासारखी उडी मारते आणि बसते. लांब केलीस तर सावकाश निघते आणि लांब जाते. फार लांब केलीस तर निघतच नाही. रामदासने दोन पानं आकडे मांडून माप काढलं, मी आरा हातात तोलून खिळ्याने खूण केली — दोघांच्यात अर्ध्या बोटाचा फरक. अर्ध्या बोटाचा! तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. बापाला काही येतं हे कळायला त्याला कॉलेजात जावं लागलं.  पण सांगतो, त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आणि रघू? रघू कुठे नव्हता! दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडेच, मंडळाच्या खोलीत पथारीपुरती जागा. बदलीवाला होता, रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा, काम मिळालं तर मिळालं, नाही तर हातातला डबा तसाच घेऊन परत, आणि वर येऊन म्हणायचा, 'काकी, आज सायबान माका सुट्टी दिली.' इथे राहून माझी भाषा बदलली, रामदासची तर पुस्तकातली झाली, त्याची जरासुद्धा बदलली नव्हती. गाडी सोडायची ती बाहेर गॅलरीत. आमच्या मजल्यावर वीस खोल्या, ओळीने. तिथे फूटपट्टी कोण लावतो, आम्ही दारं मोजायचो. पहिल्या दिवशी तीन दारं. रामदास सोडणार, मी बघणार, रघू गाडीमागे पळणार — आणि शेवंतीच्या दारात तिचे पापड वाळत असायचे, ती ओरडायची, 'अरे मेल्या घोड्या, लग्नाचा झालास, गाड्या काय खेळतोस!' तर हा म्हणायचा, 'शेवंतीमावशी, लग्नाच्या वरातीची गाडी ही, तूच बस पुढे.'

तर मग एक दिवस गाडी चांगली सुटायची, चौथ्या दारापर्यंत जायची आणि झटका खाऊन मागे यायची. पुढे जाऊन मागे. रामदासने आकडे पुन्हा केले. मी बूश उघडले, पुसले, तेल बदललं. काही नाही. रघू उकिडवा बसून बघत होता, बघता बघता हसायला लागला. म्हणाला, 'काका, ही गाठ साच्यार बरी. हय नको.' मी दोरा दांड्याला बांधला होता, विणकराच्या गाठीने. माझी गाठ आहे ती, अख्ख्या खात्यात माझ्यासारखी कोणी मारत नव्हतं, तुटेल पण सुटणार नाही. आणि तिथेच खोट होती. दोरा संपला की दांड्यावरून सुटायला हवा, म्हणजे गाडी आपल्या वेगाने पुढे जाईल. माझा दोरा सुटत नव्हता, उलटा गुंडाळला जात होता, तोच तिला मागे ओढत होता. रघूने गाठ कापली, दोऱ्याला नुसता फास केला, दांड्यावरच्या छोट्या खिळ्यात अडकवला. सात दारं गेली. सात! रामदासने त्याला उचलून घेतलं. मी म्हटलं, हं, बरं आहे. तेवढंच म्हटलं. बदलीवाल्या पोराने माझी गाठ कापली हे मला लागलं होतं, राजाराम. खोटं कशाला बोलू.

मग ते दिवस आले. तुला गावात पेपर चार दिवसांनी मिळत असेल, आम्ही ते गॅलरीत उभं राहून बघितलं. मुंबई देणार नाही म्हणाले, आणि सगळं गिरणगाव खाली उतरलं. गिरण्या बंद. लालबागला दगड, परळला दगड, पोलिसांच्या गाड्या, अश्रुधूर इथे तिसऱ्या मजल्यावर यायचा, गंगू कांदा फोडून नाकाशी धरायची. संचारबंदी. दुपारी दोन तास उठायची, दूधभाजीला, की परत बंद. रघू त्यातलाच होता हं. हे लक्षात ठेव. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात फाउंटनला जाऊन आला होता, डोळे सुजवून आला होता. सभा असली की पुढे बसायचा. त्याचं ते खोटं नाही. कुठलंही खोटं नाही. आणि रामदासला पण तो सांगत असायचा, आपण दोघांनी जायचं. दोघांनी ठरवलं होतं. मला कोणी सांगितलं नाही, पण एका खोलीत काय लपतं? अंथरुणात कुजबुजलं तरी मोरीत ऐकू येतं.

मला एकच मुलगा. तुला रघूच्या पाठीवर दोन आहेत. — तसं नाही म्हणायचं मला. बस. बस रे. तसं नाही म्हणायचं. मला म्हणायचंय की मी घाबरलो. मी, धोंडू, जॉबरच्या, गिरणीतल्या मुकादमाच्या, कानाखाली वाजवलेला माणूस, संपात सहा महिने बसलेला माणूस. दार लावून 'जायचं नाही' म्हटलं असतं तर तो गेला असता, माझ्याच रक्ताचा आहे. म्हणून मी म्हटलं, गाडी पुरी करू. महिनाअखेरीस पैज आहे, कॉलेज उघडेल तेव्हा उघडेल, आपली तयार पाहिजे. दोन दिवस त्याला असा बसवला. हे घास, ते तास. चाकं समांतर नाहीत म्हण, फळी जड झाली म्हण. पहाटेपासून जेवणापर्यंत, जेवणापासून दिवेलागणीपर्यंत. खाली गोळ्यांचे आवाज येत होते आणि आम्ही तिघे कानशी घेऊन बसलेलो. त्यालाही गोडी लागली. आणि मग तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या जरा आधी, गाडी अकरा दारं गेली. शेवटची दोन तर इतकी सावकाश, की शेवंती पीठ मळता मळता बाहेर येऊन श्वास धरून उभी. अकरा. त्याहून लांब जाणार नाही, एका चापात तेवढाच जीव. मला कळलं, रामदासला कळलं. त्याने हात धुतले आणि म्हणाला, 'बाबा, झालं आता. जेवून मी आणि रघू जरा खाली जातो.'

जरा खाली.

दोघे जेवायला बसले. मी म्हटलं, मला भूक नाही, मी तेल देतो गाडीला. इथेच, या खिडकीत बसलो, त्यांच्याकडे पाठ करून. तिकोनी कानस घेतली. स्प्रिंगचे वेढे संपून तार जिथे वळते ना, तिथे जोर सगळ्यात जास्त येतो — तिथे तीन हात मारले. तीनच. वरून काजळ आणि तेल चोळलं. साचेखात्यात चाळीस वर्षं मी मोडलेलं जोडलं, राजाराम. जोडलेलं मोडलं ते त्या दुपारी. म्हटलं, आता ओढली की तुटेल. दुकानं बंद आहेत, नवा चाप मिळायचा नाही. हा बसेल डोकं धरून, तारेचं काही करता येतं का बघेल, मी म्हणेन डाग देऊन जोडून बघू, असं करून बघू, तसं करून बघू — दोन दिवस जातील. तोवर खालचं शांत होईल. एवढाच हिशेब होता. दुसरा काही नव्हता. मी उठून हात पुसले आणि म्हटलं, जायच्या आधी एकदा सोडून दाखवा मला, मी नीट बघितली नाही. 

काडी ओढली ती रघूने. तार तुटली, आणि तिचं टोक त्याच्या अंगठ्यात घुसलं. रक्त आलं, गंगूने लुगड्याची चिंधी फाडून बांधली. तो हसत होता. रामदास नाही हसला. रामदास खाली बसला, हा इथे, उंबऱ्यावर, तुटलेली तार हातात घेऊन. अगदी मला हवा होता तसा बसला. मग रघूने त्याच्याकडे बघितलं, आणि — त्याला बघवेना. तसाच होता तो. म्हणाला, 'तू बस रे. रडतंस कित्या? तो लोखंडवाला दुकानामागेच ऱ्हवता, माका वळखता. संचारबंदी उठलीहा, अर्धो तास हा अजून. चाप घेवन येतंय, मगे जावया दोघय.' सदरा चढवला. मी म्हटलं, नको जाऊस. म्हटलं, रघू, वेळ बरी नाही, राहू दे चाप.

पाणी देऊ अजून? — घे. माठाचं आहे.

नाही. नाही म्हटलं मी. तू असा बघू नकोस, सांगतो. मी तसं म्हटलं नाही. चार वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की म्हटलं, ते इतकं झालंय की मला माझा आवाज ऐकू येतो त्यात. पण नाही म्हटलं. मी इथे उभा होतो, कानस हातात होती, आणि गप्प होतो. का? कारण मी 'नको' म्हटलं असतं तर रामदास उठला असता. 'मी जातो' म्हणाला असता. दोघांतला एक जाणार होता, आणि तो दारात उभा होता, आणि तो माझा नव्हता. बस. एवढं होतं ते. मी स्वतः जाऊ शकलो असतो — म्हाताऱ्या माणसाला कोण गोळी घालतो? ते त्याच्या दुसऱ्या दिवशी सुचलं. सुचायला हवं तेव्हा सुचलं नाही. जिन्यावरून तो शिटी मारत उतरला.

लोखंडवाल्याने दार उघडायला वेळ लावला असेल. किंवा बोलत बसला असेल हा, त्याला बोलायची खोड. चारचा भोंगा झाला, संचारबंदी लागली, हा गल्लीतून येत होता. मोर्चा नव्हता तिथे. मोठ्या रस्त्यावर दगडफेक झाली, पोलीस गल्लीच्या तोंडाशी आले, पळा-पळा झालं, यांनी सोडल्या गोळ्या. परळच्या इस्पितळात मी गेलो ओळख पटवायला. चादर वर केली नाही त्यांनी, आधी हात दाखवला — अंगठ्याला गंगूच्या लुगड्याची चिंधी. मी म्हटलं, आमचा आहे. गोळी छातीत नव्हती, राजाराम. पाठीत होती. पाठ दाखवून पळत नव्हता तो, घरी येत होता. घराकडे तोंड होतं त्याचं. सदऱ्याच्या खिशात कागदात बांधलेला नवा चाप होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला. तोच हा, गाडीवरचा.

बाहेर माणसं उभी होती, शंभर, दोनशे, कुठून आली देव जाणे. 'कोण? कुठला?' मी म्हटलं, बदली कामगार, आमच्या गावचा. तेवढ्यावर घोषणा सुरू झाल्या. त्याच्या नावाच्या. हार आले. मी काय सांगणार होतो त्यांना, की पोर चाप आणायला गेलं होतं? मंडळात बसून तुला पत्र लिहिलं, मी सांगत होतो आणि चिंतामणी कारकून लिहीत होता, त्याने 'मोर्चात' लिहिलं, त्याने 'छातीवर' लिहिलं, मी ऐकलं आणि खाली सही केली. ती माझी पहिली सही.

रामदास? रामदास म्हणाला, रघूसाठी गाडी पुरी करणार. नवा चाप बसवायला जुना काढला. तो फिटरचा मुलगा आहे, आणि वर शिकलेला. तार आपली आपण तुटली की तुटलेलं तोंड सगळं खरबरीत असतं. याचं अर्धं खरबरीत, अर्धं गुळगुळीत, आणि गुळगुळीत भागावर तीन रेघा. मी जेवत होतो. त्याने ती तार माझ्या ताटात आणून ठेवली, भाताच्या बाजूला.  परीक्षा झाली आणि नागपूरकडे नोकरी धरून गेला. पत्र येतं, आईच्या नावाने, 'बाबांस नमस्कार' त्यात नसतो. गंगूला ठाऊक नाही का नसतो. त्याने सांगितलं नाही, तेवढी माझी लाज राखली. गाडी पैजेला गेली नाही. पुरी मात्र त्याने केली. चाप बसवलाय, दोरा गुंडाळलाय, नुसती सोडायची आहे. सोडली नाही कोणी.

 शिवी दे हवं तर. मी सही करायला बसलो होतो रे, पेन काढलं होतं. ते 'छातीवर' वाचलं आणि हात चालेना. आता तुझं पोर, तुझा दगड, तू सांग. खोडून लिहायचं तर खोडतो, मास्तरला सांग धोंडूने खोडलं, कारण विचारायला त्याला मुंबईला पाठव, मी त्याच्या तोंडावर सांगेन. नाही खोडायचं तर —

थांब. जिन्यावर आवाज आहे. गंगूची चप्पल ती. आल्या. सुंदरा हसतेय — ऐकलंस? आमची ही काहीतरी सांगत असणार. तोंड पूस. त्या पंच्याने पूस. वेळ नाही, राजाराम, वर आल्या त्या, काय ते सांग लवकर. मान हलवू नकोस नुसती, हो की नाही ते कळत नाही मला. —

ये सुंदरा. बस, दमलीस. — काही नाही गं, कागद बघत होतो, मास्तरने छान लिहिलाय. डोळ्यात कचरा गेलाय त्याच्या, खिडकी उघडी होती. गंगू, चहा टाक.

कागदावरचं बोट काढ आता, राजाराम. दिसली जागा. करतो सही.